कुंकू लावलेली फ्लॉपी

खोपोलीच्या कंपनीत कॉम्प्युटरच्या खोलीला दोन दारं होती, एकामागे एक. पहिलं उघडून आत जायचं, ते नीट लागलं याची खात्री करायची आणि मगच दुसऱ्याला हात लावायचा. दोन्ही एकदम उघडी राहिली तर आतला गारवा पळतो आणि धूळ शिरते, असं मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मी मुळात भित्रा. पुढे कितीतरी दिवस मी पहिलं दार लागल्यावर ते हातानं दाबून बघायचो, दुसऱ्या दाराशी गेलो की परत येऊन पुन्हा दाबायचो. माझ्यामागे साहेबलोक खोळंबायचे.

"सोपान, लागलं रे बाबा दार. आता काय त्याला कुलूप घालतोस?" असं म्हणणारे प्रधानसाहेब होते. त्यांच्याबद्दल पुढे सांगायचंच आहे.

मी लातूरकडचा. शाळा नववीत सुटली. आमच्या गावचा एक माणूस खोपोलीला कारखान्यात होता, त्याच्या शब्दावर मी आलो. कंपनी फार मोठी. तिचं नाव इथे लिहीत नाही, खोपोलीतही कुणी घेत नसे. नुसतं 'कंपनी' म्हटलं की पुरे. तिथे कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख कारखानीससाहेब होते. मला मुलाखतीला उभं केलं तेव्हा मी चपला बाहेर काढून आत गेलो, एवढ्याच गोष्टीवर त्यांनी मला घेतलं. "हा खोली स्वच्छ ठेवील," असं ते म्हणाले. त्या माणसाचे उपकार मी आजही मोजू शकत नाही.

आजच्या वाचकाला सांगायला हवं की त्या वेळचा कॉम्प्युटर म्हणजे कपाटांची रांग होती. त्याची आठवण राहायची ती टेपांवर, मोठ्या ताटाएवढ्या चक्रांवर गुंडाळलेल्या तपकिरी फितीवर. हेल्पर म्हणून माझं काम होतं कागदांचे खोके वाहायचे, छापून आलेले लांबच लांब कागद फाडून ज्याचे त्याला द्यायचे, टेपा चढवायच्या-उतरवायच्या आणि टेप वाचणारा भाग स्पिरिटच्या फडक्यानं पुसायचा. प्रोग्राम लिहिणारे वेगळे. ते शिकलेले, मुंबई-पुण्याचे. त्यांना आम्ही लांबून बघायचो.

प्रधानसाहेब त्यांतलेच, पण ते डबा खाताना बोलायचे. एकदा त्यांनी मला प्रोग्राम म्हणजे काय हे समजावायला घेतलं. मी थोडं ऐकलं आणि म्हणालो, "म्हणजे मोटेसारखं."

"कशासारखं?"

मी सांगितलं. आमच्याकडे विहिरीवर मोट असायची. बैल पुढे गेला की मोट वर येते, पाटात रिकामी होते, बैल मागे येतो, मोट खाली जाते. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. विहिरीत पाणी आहे तोवर हेच. पाणी संपलं की थांबायचं. पण ते थांबायचं बैलाला कळत नाही, हाकणाऱ्याला कळावं लागतं. हाकणाऱ्याला झोप लागली तर बैल कोरडी मोट ओढत राहतो.

प्रधानसाहेबांनी हातातली पोळी खाली ठेवली. "गेल्या महिन्यात माझ्या प्रोग्रामनं नेमकं हेच केलं," ते म्हणाले. "रात्रभर कोरडी मोट." मग दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला वाया गेलेल्या कागदांच्या कोऱ्या बाजूवर प्रोग्राम लिहायला शिकवलं. इंग्रजी शब्द लागायचे ते मोजके. मी ते पाढ्यासारखे पाठ केले. अर्थ नंतर कळत गेले, काहींचे अजून कळायचेत.

वर्ष-दीड वर्षात मी लिहिलेले बारीकसारीक प्रोग्राम कंपनीत चालायला लागले. ते चालायचे प्रधानसाहेबांच्या नावावर, कारण हेल्परनं प्रोग्राम लिहायची सोय कंपनीत नव्हती. याचं मला वाईट वाटायचं नाही. उलट बरं वाटायचं. चूक निघाली तर ती माझ्यावर येणार नव्हती.

आणि मग प्रधानसाहेबांनी कंपनी सोडली.

कर्जतला सायकलच्या दुकानावर एक खोली घेऊन त्यांनी स्वतःचा धंदा मांडला. लहान कॉम्प्युटर तेव्हा नुकते यायला लागले होते, टेबलावर मावणारे. टेपेऐवजी त्यांना फ्लॉपी लागायची. फ्लॉपी म्हणजे हाताच्या पंजाएवढं काळं चौकोनी पाकीट, आत कागदासारखी पातळ तपकिरी चकती. पाकिटाला एका बाजूला लांबट खिडकी असायची. तिथून आतली चकती उघडी दिसायची आणि तिथूनच मशीन ती वाचायचं. त्या खिडकीला बोट लावायचं नाही, हा पहिला नियम.

प्रधानसाहेबांचं म्हणणं होतं की मोठ्या कंपन्यांची कामं करायला मोठे लोक आहेत, आपण गिरणीवाल्याची, दूधवाल्याची कामं करू. मला त्यांनी निरोप पाठवला, सुट्टीच्या दिवशी येत जा. खोपोलीहून कर्जतला जाणारी छोटी गाडी होती. तिच्यात बसून मी जायला लागलो. तिकीट उतरेपर्यंत मुठीत धरून ठेवायचो. घामानं त्यावरची शाई पुसली जाईल आणि तपासनीस विश्वास ठेवणार नाही, याचीही मला काळजी वाटायची.

तिथली गिऱ्हाइकं एकेक न्यारी. खालापूरकडचे एक कोंबडीवाले होते. त्यांना अंडी, खाद्य, औषधं सगळ्याचा हिशेब कॉम्प्युटरवर हवा होता. मी मोठ्या हौसेनं शेवटी एक ओळ छापली, 'एकूण कोंबड्या'. ते खुर्चीवरून उठलेच.

"ती ओळ पुसा आधी. जित्या पाखरांची बेरीज करत्यात व्हय? नजर लागंल."

"पण काका, आकडा कळायला नको का?"

"मला कळतोय. मशीनला कशाला कळाया पायजे?"

प्रधानसाहेब हसत म्हणाले, "पूस रे." मी पुसली. त्या माणसाचा कोंबड्यांचा प्रोग्राम कोंबड्यांची संख्या कधीच सांगत नसे, आणि तो त्यावर इतका खूश होता की त्यानं आणखी दोघांना आणलं. कंपनीत अशी गोष्ट झाली असती तर तीन विभागांच्या सह्या लागल्या असत्या. इथे दोन शब्दांत मिटली. मला ते आवडायला लागलं, आणि आवडायला लागलं म्हणून भीतीही वाटायला लागली.

कारण त्याच सुमाराला कारखानीससाहेबांनी मला बोलावून घेतलं. कंपनी मला कायम करणार होती. हेल्पर म्हणूनच, पण कायम. फंड, बस, कँटीन, आजारपणात दवाखाना.

"तुला प्रोग्रामर करणं माझ्या हातात नाही," साहेब म्हणाले. "तुझी मॅट्रिक नाही. नियमापुढे माझं काही चालत नाही. पण कायम करणं हातात होतं, ते केलं. दसऱ्यानंतर सही करायला ये."

माझे डोळे भरून आले. घरी आई, पाठची बहीण लग्नाची. गावात कुणाच्याही पोराला मोठ्या कंपनीत 'कायम' हा शब्द लागलेला नव्हता. आणि प्रधानसाहेबांनी त्याच आठवड्यात विचारलं होतं, "पूर्ण वेळ येतोस का? मी तुला प्रोग्रामर म्हणूनच घेईन. फक्त पगार पहिल्या तारखेला होईल असं वचन देत नाही."

मी दोघांनाही 'हो' म्हणालो. दोघांनाही नाही म्हणायचं धाडस नव्हतं. दसऱ्यानंतर काहीतरी होईल, असं मनाला सांगितलं.

आता गोविंदशेठ. कर्जतहून कोंडाण्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांची भाताची गिरणी होती. या भागात भात म्हणजे तुसासकट दाणा. शेतकरी आपलं भात शेठच्या कोठारात ठेवायचा आणि वर्षभर लागेल तसं भरडून तांदूळ न्यायचा. कुणाचं किती आलं, किती गेलं, किती उरलं, हा सगळा शेठचा शब्द. आमचं पहिलं मोठं काम हेच. गिरणीत काचेची केबिन केली, कॉम्प्युटर बसवला. त्या रस्त्यावरचा तो पहिला. शेठ एका बोटानं आकडे टाकायचे आणि लोक काचेला नाक लावून बघायचे.

प्रधानसाहेबांनी फ्लॉप्या दोन ठेवायला लावल्या होत्या. रोज चालायची ती गिरणीत आणि तिची नक्कल शेठच्या घरी. "दोन्ही कधीही एका जागी ठेवायच्या नाहीत," ते पुन्हा पुन्हा सांगायचे. "आग लागली, उंदीर शिरला, एक गेली तरी दुसरी आहे." शेठनी हे मनोभावे पाळलं. इतका विश्वास बसला की त्यांनी हातानं लिहायचं पाडव्यापासूनच बंद केलं.

दसऱ्याला आम्हा दोघांना जेवायचं आमंत्रण होतं. कंपनीत आदल्या दिवशी, खंडेनवमीला, पूजा झालीच होती. तिथे नारळ दोन दारांच्या बाहेर फुटायचा आणि आत फक्त एक हार जायचा, तोही ओला नाही ना हे मी तपासायचो. तशीच पूजा इथे झाली असेल अशा समजुतीत आम्ही गिरणीत शिरलो.

केबिनच्या दाराशी पाट मांडलेला होता. पाटावर विळे, कोयते, गिरणीचे पाने, वजनं, भात मोजायची पायली, सगळं धुऊनपुसून मांडलेलं. आणि मधोमध, विड्याच्या पानांवर, दोन फ्लॉप्या. शेजारी शेजारी. दोघींच्या खिडक्यांवर ओलं हळदकुंकू आणि त्यावर अक्षता चिकटवलेल्या.

शेवंताकाकू, म्हणजे शेठच्या मंडळी, कौतुकानं उभ्या होत्या. प्रधानसाहेबांना त्या मास्तर म्हणायच्या. "बघा मास्तर, घरची पन आनली मी. वर्षभर बिचाऱ्या येकमेकींचं तोंड बघत नायत. आजच्या दिवशी तरी येकत्र बसूं द्या म्हटलं."

प्रधानसाहेब मटकन पायलीशेजारी बसले.

"काय झालं?" शेठनी विचारलं. पाटावरची एक फ्लॉपी त्यांनी उचलली होती. मुहूर्तावर मशीन चालू करायचं म्हणून ते घालायलाच निघाले होते.

"शेठ, ती खाली ठेवा," मी ओरडलो. आयुष्यात त्या आधी मी कुणा गिऱ्हाइकावर ओरडलो नव्हतो. आधीच खाली बसलेल्या प्रधानसाहेबांनी शेठना हळूहळू समजावलं की खिडकीतल्या चकतीवर सगळ्यांचं भात आहे. त्यावर कुंकू आणि तांदूळ आहेत. मशीन त्यावर फिरलं की सगळं खरवडून निघेल.

शेठचा चेहरा उतरला. दिवाळी तोंडावर, नवं भात अजून शेतात, आणि उरलेल्या जुन्या भातावर अख्ख्या पंचक्रोशीचा डोळा. "मंग आता लोकांना मी काय सांगू? तुमचं भात किती ते मला ठावं नाय?" ते एवढंच म्हणाले. काकूंनी पदर तोंडाला लावला. "मी चांगलंच करायला गेले रं, लेका. देवाचंच केलं."

"काकू, तुमची चूक नाय," प्रधानसाहेब म्हणाले. "आग सांगितली, उंदीर सांगितला. दसरा सांगायचा राहिला."

मी खिशातला रुमाल काढला, पण पुसायला धीर होईना. अक्षता घासल्या तर ओरखडे पडणार. तेवढ्यात प्रधानसाहेब म्हणाले, "सोपान, कंपनीत त्या पावसाळ्यात छत गळून टेपा भिजल्या होत्या, आठवतं? तो मुंबईचा इंजिनिअर काय म्हणाला होता?"

आठवत होतं. पाण्याला घाबरू नका, धुळीला घाबरा, असं तो म्हणाला होता. आणि ओल्या टेपा आम्ही दोघांनीच वाळवल्या होत्या.

"म्हणजे धुवायची?" मी विचारलं.

"दुसरं काय करणार?"

पाकिटाची एक कड मी ब्लेडनं कापली. दुसऱ्या पाकिटाची प्रधानसाहेबांनी कापली. पण आतली चकती बाहेर काढायला दोघांचाही हात पुढे जाईना. शेवटी आम्ही दोघांनी काकूंकडे बघितलं.

"देवाचे टाक कोण धुतं घरात?" प्रधानसाहेबांनी विचारलं.

"मीच की."

"तसंच धुवा. फक्त घासू नका. आणि कडेलाच धरायचं."

काकूंनी उकळून गार केलेलं पाणी घमेल्यात मागवलं, थोडं रिठ्याचं केलं. चकती मधल्या भोकात बोट घालून कडेनं धरली आणि पाण्यात अशी हलवली की जणू तान्हं मूल न्हाऊ घालतायत. कुंकू पाण्यात उतरायला लागलं. अक्षता एकेक करून सुटल्या. मग साधं पाणी, मग दुसरं साधं पाणी. शेठच्या जुन्या मलमलच्या धोतरावर दोन्ही चकत्या सावलीत वाळत घातल्या.

तोवर माणसं सोनं लुटायला यायला लागली. आपट्याची पानं शेठच्या हातात द्यायची, पाया पडायची आणि कॉम्प्युटरकडे बघून विचारायची, "काय वो शेठ, मशीन बंद ठिवलंत आज?" शेठ म्हणायचे, "न्हातंय." लोक हसायचे. शेठ हसत नव्हते. पुरणपोळीला कुणी हात लावला नाही.

चकत्या वाळल्या. दोन कोऱ्या फ्लॉप्यांची पाकिटं कापून त्यांच्या चकत्या बाहेर काढल्या आणि धुतलेल्या आत सरकवल्या. पहिली घातली. मशीन घरघरलं आणि पडद्यावर 'वाचता येत नाही' अशा अर्थाची ओळ आली. दुसरी घालताना प्रधानसाहेब म्हणाले, "तू घाल. माझ्यानं होत नाही."

मी घातली. घरघर थांबेना. पहिलं नाव आलं, दुसरं आलं, मग नावं सरसर वर जायला लागली. काचेबाहेरून कुणीतरी ओरडलं, "माझं आलं गं!" शेवटची सात-आठ नावं मात्र आली नाहीत. तेवढ्या लोकांना शेठनी बोलावून विचारलं, आणि त्यांनी सांगितलं ते लिहून घेतलं. एकानं चार पोती जास्त सांगितली असं सगळ्यांनाच वाटलं. शेठनी तीही लिहायला लावली. "दसऱ्याला नको वाद," म्हणाले.

संध्याकाळी कर्जतच्या फलाटावर प्रधानसाहेब मला सोडायला आले. गाडी यायला वेळ होता. त्यांनी दोन चहा घेतले.

"सोपान, तू कंपनीतच राहा," ते म्हणाले. "आज चिमूटभर कुंकू जास्त असतं तर मी संपलो होतो. मला घर आहे, बायकोची नोकरी आहे. तुला कोण आहे इथं? कंपनीत नकलेच्या टेपा वेगळ्या इमारतीत, लोखंडी कपाटात असतात. तिथे असं होत नाही."

ते खरं होतं. तिथे असं होत नाही, हे मला गाडीत बसल्यावरही पटत होतं. पण तिथे असं झालंच असतं तर मला चहा आणायला पाठवलं असतं, हेही खरं होतं. 'तू घाल' असं तिथे मला कुणी म्हटलं नसतं. खोपोली येईपर्यंत मी त्या घरघरीचाच विचार करत होतो. इतकी भीती मला कधी वाटली नव्हती, आणि त्या भीतीतून उठून निघून जावं असंही एकदाही वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कारखानीससाहेबांपुढे उभा राहिलो. त्यांनी पेन काढून पुढे केलं. मी घेतलं नाही.

"साहेब, मी कर्जतला जातो."

"प्रधानकडे?" त्यांनी चष्मा काढला. "त्याच्याकडे माणसं किती?"

"आता मी गेलो की दोन."

ते रागावतील असं वाटलं होतं. रागावले असते तर बरं झालं असतं. "चुकतोयस तू," ते शांतपणे म्हणाले. "मला तुझ्या आईचं तोंड दिसतंय. परत आलास तर मला घेता येणार नाही, तसा नियम आहे. दाखल्यावर हेल्परच लिहावं लागेल. पण तुला काय येतं असं कुणी विचारलं, तर त्याला माझ्याकडे पाठव. मी तोंडानं सांगीन." मी त्यांच्या पाया पडलो. पुढे दोघाचौघांनी खरंच त्यांना विचारलं आणि त्यांनी खरंच सांगितलं.

प्रधानसाहेबांचा धंदा काही वर्षं बरा चालला, काही वर्षं रखडत, मग मिटला. मी गिरण्या, दुधाच्या डेअऱ्या, पतपेढ्या यांची कामं करत राहिलो. पगार पहिल्या तारखेला झाला असं आठवत नाही. खोपोलीतले माझ्यासोबतचे लोक आता पेन्शन घेतात, आजारी पडले तर त्यांना चिंता नसते. मी कर्जतजवळ शेलूला एका खोलीत राहतो आणि दवाखान्याचं नाव निघालं की छातीत धडधडतं. कारखानीससाहेब चुकले होते असं मी म्हणणार नाही. तरुण पोरं विचारतात, तेव्हा मी त्यांना मोठ्या कंपनीतच जा म्हणून सांगतो. मग मात्र घरी येऊन मला झोप लागत नाही.

पण तेव्हाची एक गोष्ट सांगायची राहिली. त्या दिवाळीला मी गावी गेलो. आईला कसं सांगावं या काळजीनं मी पहिल्या दिवशी काही बोललोच नाही. भाऊबीज झाली, बहिणीनं ओवाळलं, तरी बोललो नाही. निघायच्या सकाळी आई वाटेसाठी धपाटे बांधत होती, तेव्हा एका दमात सांगून टाकलं. मोठी कंपनी सोडली, कायमची नोकरी सोडली, कर्जतला लहान कंपनीत जातोय.

आई बांधता बांधता थांबली. "लहान म्हंजे किती लहान, बाबा? मानसं किती हाईत?"

"दोन. मालक आन मी."

तिनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मी मान खाली घातली. मग तिनं फडकं पुन्हा सोडलं, आणखी चार धपाटे त्यात घातले आणि गाठ मारली.

"मंग जिवाला जपून ऱ्हा," ती म्हणाली. "तू अंथरुनाला खिळलास तर अर्धी कंपनी बंद पडंल."